मांजराचं अंग गरमच असतं

नमस्कार मंडळी. जेवणं आटोपली असतील, कूलरमध्ये पाणी भरून झालं असेल, तर आता थोडा वेळ निवांत बसा. आज बोलायचंय आपल्या घरातल्या मुक्या मेंबरांबद्दल. मांजर, कुत्रं, दावणीची शेळी, आणि आपण मायेपोटी त्यांना जे घरगुती औषधपाणी करतो त्याबद्दल.

पहिलं वाक्य आत्ताच सांगते आणि पुढे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण रेडिओ काही मागे नेऊन परत ऐकता येत नाही. मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. ताप नसला तरी गरम. आपलं अंग साधारण ९८.६ फॅरनहाइट, मांजराचं कुत्र्याचं १०१ ते १०२.५ पर्यंत, शेळीचं त्याहून थोडं जास्त, आणि कोंबडीचं तर १०५-१०६ च्या पुढे. म्हणजे धडधाकट मांजराच्या पोटाला हात लावला तरी आपल्याला वाटणार की अगं माय, केवढी तापली ही.

आणि इथूनच सगळा घोळ सुरू होतो. माझ्या आत्याच्या मांजरीची गोष्ट सांगते, खरं तर त्या गोष्टीसाठीच मी हा विषय घेतलाय.

आत्या राहते सेलूच्या जवळ एका खेड्यात. जुनं धाब्याचं घर, वर माळवद, पुढं ओसरी. (ओसरी असलेली घरं आता कमी व्हायलीत त्याचं मला फार वाईट वाटतं, माणसाला माणूस भेटायची जागाच गेली, फ्लॅटच्या दाराला नुसती बेल राहिली. असो.) तर आत्याची मांजर चिंगी. आत्याचा तिच्यावर एवढा जीव की भाकरी थापताना पहिला पापुद्रा तिचा. मागच्या उन्हाळ्यात आत्याला लेकीकडे लातूरला जावं लागलं, नातीचं बारसं होतं, आणि चिंगीला सोपवलं शेजारच्या काकूंकडे. काकू म्हणजे सोन्यासारखं माणूस, गल्लीत कुणाचं लेकरू आजारी पडलं तर ओव्याची पुरचुंडी घेऊन या आधी हजर.

आत्या गेली आणि एक-दोन दिवसांत चिंगीचं खाणं बंद झालं. वाटीजवळ यायची, वास घ्यायची आणि मागं फिरायची. मग रांजणाच्या सावलीला जाऊन बसायला लागली. काकूंनी हात लावून पाहिला तर अंग गरम. मे महिना, बाहेर ४३ डिग्री, काकूंना वाटलं उन्हाची बाधा झाली, ताप भरला. त्यांनी काय केलं, घरच्या ग्रुपवर टाकलं की मांजरीला ताप आलाय काय करावं. अन् मग मंडळी तुम्हाला माहितीच आहे, पाच मिनिटांत पंधरा डॉक्टर. एकानं सांगितलं कांद्याचा रस द्या, एकीनं सांगितलं कपाळाला बाम चोळा, आणि एका शहाण्या माणसानं लिहिलं की लेकराला देता तशी तापाची अर्धी गोळी दुधात घोळून द्या, रात्रीतून उतरतो. काकूंना ते पटलं. घरात गोळी होतीच, कुणाच्या घरात नसते. त्यांनी अर्धी गोळी लाटण्यानं बारीक केली, दुधात घातली, वर चिमूटभर साखर, आणि वाटी घेऊन चिंगीला शोधायला लागल्या.

चिंगी सापडेना. वासावरून कळलं का काय कोण जाणे, पण ती गेली कणगीच्या मागं आणि येईचना. काकू हाका मारून थकल्या. तेवढ्यात लातूरहून आत्याचा फोन. व्हिडिओ कॉल. आत्याला नातवानं शिकवलेला, आणि तिला रोज चिंगीचं तोंड बघायचं असायचं. काकू म्हणाल्या, अक्का ती कणगीमागं दडून बसलीय, अंग फणफणलंय तिचं. तर आत्या म्हणाली, फोन कणगीपाशी धर. आणि तिनं तिकडून, बारशाच्या एवढ्या गर्दीत, मोठ्यानं आवाज दिला, "चिंगेऽऽ, ये गं माय, ये ये ये." मंडळी, मांजर बाहेर आली. सरळ फोनपाशी आली आणि फोनलाच अंग घासायला लागली. फोनवर माणसं इतकं काय काय बोलत असतात, पण ही एक हाक मला त्या सगळ्याहून मोठी वाटते, मी आजवर पन्नास जणांना हे सांगितलं असेल.

काकूंनी तिला पकडलं आणि म्हणाल्या, बरं झालं अक्का, आता दुधातली गोळी पाजते. आत्या ओरडलीच. "कशाची गोळी? थांब, हात लावू नको दुधाला! मपल्या शेळ्या कधी मी माणसाच्या गोळीवर वाढवल्या का?" आत्या शिकलेली नाही, पण तीसेक वर्षं शेळ्या सांभाळल्यात, जनावराचं अंग आपल्यापेक्षा गरम असतंय हे तिच्या हाताला ठाऊक. तिनं म्हटलं, ताप हाय का नाही हे काचेच्या नळीनं बघतेत, हातानं नाही. आणि तिच्या फोनमध्ये एक नंबर होता, 'शेळीचे डॉक्टर' या नावानं सेव्ह केलेला. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर. जावयानं त्यांना कॉलमध्ये जोडून घेतलं. आता लातूर, सेलू आणि कणगीमागची चिंगी असं तिघांचं बोलणं, पण घरात रेंज तुटायली, म्हणून काकू मांजर काखेत घेऊन जिन्यानं वर माळवदावर गेल्या. पहिल्यांदा फोनमध्ये डॉक्टरला दिसलं आभाळ, मग लिंबाचं झाड, मग काकूंचा कान, आणि मग एकदाची चिंगी.

डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला तो लक्षात ठेवा. लाळ गळते का? पंजानं तोंड घासते का? काकू म्हणाल्या, घासायली ना दोन दिवसांपासून, मला वाटलं तोंड धुवायली. डॉक्टर म्हणाले, ओठ हळूच वर करा, हिरड्या कोणत्या रंगाच्या दिसतात? गुलाबी. ठीक. आता कुणाला तरी टॉर्च धरायला लावा आणि तोंड उघडून टाळूकडे बघा. काकूंच्या सुनेनं टॉर्च धरली. आणि दिसलं. टाळूला आडवं, दोन्हीकडच्या दाढांमध्ये घट्ट बसलेलं कोंबडीचं हाड. बारीक, पण आडवं. म्हणून तर वाटीपाशी येऊन परत फिरायची ती, भूक होती पण तोंड मिटेना.

डॉक्टरनं बजावलं, ओढू नका, घशात जाईल, घेऊन या. मग दोन दुरड्या तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधल्या, आत चिंगी, आणि काकूंचा मुलगा मोटारसायकलवर सेलूला. तिथं टॉवेलात गुंडाळून डॉक्टरनं चिमट्यानं हाड काढलं, दोन मिनिटांचं काम. आणि नंतर थर्मामीटर लावला. १०२. म्हणजे ताप नव्हताच! पहिल्यापासून नव्हता. ज्या तापासाठी ती गोळी घोळली होती, तो ताप नव्हताच.

आणि ते दूध? आत्यानं फोनवरून काकूंना मोरीतच ओतायला लावलं, वाटी साबणानं धुवायला लावली. रस्त्यावर टाकू नको म्हणाली, दुसरं मांजर चाटंल.

आता त्या गोळीत एवढं वाईट काय, तर थोडक्यात सांगते. पॅरासिटामॉल आपल्याला चालतं कारण आपलं लिव्हर ते मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या लिव्हरमध्ये ते मोडायची ताकद जवळपास नाही. मग त्याचं विष होतं, रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. अर्धीसुद्धा. दिलीच गेली असेल तर सकाळची वाट बघायची नाही, तसंच उचलायचं आणि दवाखाना गाठायचा, कारण त्याच्यावर उतारा आहे पण तो लवकर मिळाला तरच कामाचा. कुत्र्यालाही अंगदुखीच्या आपल्या गोळ्या देऊ नका, पोटात जखमा होतात, किडनी जाते.

कांद्याचा रस तर नकोच. कांदा, लसूण दोन्ही मांजराला आणि कुत्र्याला वाईट, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणजे आपली कांद्याची भाजी भाकरीत कालवून कुत्र्याला घालतो तेही बंद करा, साधी भाकरी घाला. द्राक्षं, मनुके कुत्र्याला नको. बैलाच्या किंवा कुत्र्याच्या गोचिडाचं औषध मांजराला चोळू नका, झटके येऊन मरते. आणि फिनेलनं फरशी पुसली की ती वाळेपर्यंत मांजर त्या खोलीत नको, पंजाला लागतं आणि ती पंजे चाटते. एवढं जपलं तरी खूप झालं.

मोबाईलला मी नावं ठेवत नाही बरं का. त्याच मोबाईलनं ती गोळी सुचवली आणि त्याच मोबाईलनं चिंगी वाचवली, फरक एवढाच की समोर कोण होतं. मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा, पोरं रीलसाठी मांजराच्या मागं काकडी ठेवतात, फटाका लावतात आणि ती उडाली की हसतात. घाबरलेलं जनावर बघून हसायला शिकलेलं लेकरू मला बघवत नाही. घरात असं कुणी करत असेल तर आजच थांबवा.

आणि आता विषय निघालाच आहे तर चावण्याचंही सांगते. कुत्रं चावलं, मांजर चावली किंवा ओरखडली, घरचं असो की गल्लीतलं, तर मिरचीपूड नाही, चुना नाही, हळद नाही. साबण आणि नळाचं धो धो पाणी, पूर्ण १५ मिनिटं. घड्याळ लावून १५ मिनिटं. पाणी टंचाईचं आहे आपल्याकडे हे मला कळतं, पण त्या दिवशी एक हंडा जास्त गेला तरी जाऊ द्या. आणि मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, आणि पोटातली चौदा इंजेक्शनं हे जुनं झालं, आता दंडावर घेतात. डॉक्टर जेवढ्या तारखा देतील तेवढ्या सगळ्या पाळायच्या, दोन घेऊन बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत, कारण रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही.

कागद-पेन घ्या, नंबर सांगते. जनावरांसाठी सरकारचा टोल फ्री नंबर आहे १९६२. एक, नऊ, सहा, दोन. परत सांगते, एक, नऊ, सहा, दोन. त्याच्यासोबत तुमच्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबरही फोनमध्ये घाला, आत्यासारखा 'शेळीचे डॉक्टर' म्हणून घातला तरी चालेल, फक्त घरातल्या सगळ्यांना तो सापडला पाहिजे. आणि फोन लावल्यावर डॉक्टरला सांगायचं की जनावराचं वय किती, वजन अंदाजे किती, शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं, लघवी होते का, हिरड्यांचा रंग कसा आहे. ताप आलाय असं सांगायचं नाही. ताप आहे का ते डॉक्टर बघतील.

पुढच्या आठवड्यात शेळ्यांच्या पावसाळ्याआधीच्या लसींबद्दल बोलू. नमस्कार.