मेणवली: घाटाकडून वाड्याकडे

[पहाट. कृष्णेवर धुकं. धुणं आपटल्याचा आवाज आधी, चित्र मागाहून.]

मेणवलीला येणारे बहुतेक जण एकच चूक करतात. गाडी गावात लावतात, वाड्याचा दरवाजा शोधतात, दोन चौक घाईघाईने पाहतात आणि मग ‘तो पिक्चरवाला घाट कुठंय हो?’ असं विचारत खाली उतरतात. आपण उलटं करू. आधी घाट.

पुण्याहून निघालात की खंबाटकी ओलांडायचा, सुरूरला महामार्ग सोडायचा आणि वाई गाठायची. तिथून धोमच्या रस्त्याला लागलं की तीनेक किलोमीटरवर मेणवली. गाव लहान, नदी मोठी. इथे कृष्णा अजून तरुण आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून नुकतीच सपाटीला लागलेली. सांगली किंवा नरसोबावाडीला दिसणारं तिचं पोक्त रूप इथे नाही.

घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्या पाण्यापासून निघून वर देवळांपर्यंत जातात. तळच्या पायऱ्यांवर बायका धुणं धुतात, आणि पिळलेल्या कपड्यांचं पाणी दगडावरच्या खाचांतून परत नदीत जातं. त्या खाचा कोणी मुद्दाम केल्यात की पाण्यानेच पाडल्यात, याचा मी बराच वेळ विचार करत बसलो होतो. उत्तर सापडलं नाही, पण बसायला जागा उत्तम.

वर दोन देवळं. एक विष्णूचं, एक मेणेश्वर महादेवाचं. आणि त्यांच्या सोबतीला दगडी चौथऱ्यावर एक छोटीशी इमारत, तिच्यात देव नाही. तिच्यात घंटा आहे.

[कॅमेरा घंटेजवळ. हळूहळू वर सरकतो.]

ही घंटा नीट पाहा. लांबून पाहिली तर देवळातली घंटा आणि जवळ गेलात तर चर्चमधली. अंगावर १७०७ हे साल. बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, आणि तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, आणि तिचा आवाज एवढा की ‘नारोशंकराची घंटा’ हा शब्दप्रयोगच मराठीत रूढ झाला. मेणवलीची घंटा त्यांचीच बहीण. ज्या माणसाने ती इथे टांगली, तो वसई पडली तेव्हा जन्मलाही नव्हता.

त्याचं नाव बाळाजी जनार्दन भानू. आपण त्यांना नाना फडणवीस म्हणतो.

जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. १७५६ साली वडील गेले आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती फडणिशी आली. फडणीस म्हणजे नुसता हिशेबनीस नव्हे. सरकारचा जमाखर्च, नेमणुका, सनदा, सगळं त्याच्या दप्तरातून जायचं. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद. तलवार दुसऱ्याच्या हातात असली, तरी घोड्याच्या दाण्याचा हिशेब याच्याकडे. १७६१ मध्ये नाना पानिपतावर होते. जीव वाचवून परतले, पण बरोबर गेलेल्या आईला तिथेच मुकले. तोवरच्या आयुष्याची हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. अठराव्या शतकातल्या मराठी कारभाऱ्याने स्वतःविषयी लिहावं, ही दुर्मीळ गोष्ट.

पेशवाईत साडेतीन शहाणे सांगतात. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर हे तीन, आणि अर्धे नाना. अर्धे का, तर तलवारबाजी जमत नव्हती म्हणून. पण नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांविरुद्ध कारभाऱ्यांची एकजूट, म्हणजे बारभाईंचं कारस्थान, उभं राहिलं, त्यातून शेवटी कारभार कोणाकडे आला ते आठवा. तीन पूर्ण शहाणे मागे पडले आणि अर्धा टिकला.

[वाड्याचा दरवाजा. दिंडी उघडण्याचा आवाज.]

मेणवली नानांना मिळाली १७६८ च्या डिसेंबरात. औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी गाव दिलं. मग नानांनी गाव वसवलं, घाट बांधला, देवळं बांधली आणि वाडा उभा केला. १७८० च्या सुमारास सगळं पुरं झालं. पुण्यातला नानावाडाही त्याच काळातला. तो शनिवारवाड्याच्या शेजारी, कामाच्या ठिकाणी. हा नदीकाठी.

वाड्याला सहा चौक. बाहेरून पाहिलं तर डोळे दिपावेत असं काही नाही, आणि मला तेच आवडतं. दगडी जोतं, त्यावर जाड भिंती, आत लाकडी खांब आणि तख्तपोशी, म्हणजे लाकडी छत. पहिल्या चौकात उन्हाचे डोळे मिचकावत शिरलात की थोडा वेळ काही दिसत नाही. मग हळूहळू कोनाडे दिसू लागतात. काही भिंतींवर जुनी चित्रं आहेत. रंग उडाले आहेत, काही ठिकाणी पोपडे निघालेत, पण मध्येच एखादा लालसर पट्टा असा टवटवीत उरलाय की वाटावं, रंगारी आत्ताच जेवायला उठलाय. नानांचा म्हणून एक पलंगही दाखवतात.

आणि एक. वाडा सरकारी नाही, नानांच्या घराण्याकडेच आहे. तेव्हा आत जाण्याआधी विचारायचं, चपला काढायच्या, आणि बंद दार बंदच ठेवायचं. कोणाच्या तरी घरात आपण पाहुणे आहोत एवढं लक्षात असलं की पुरे.

या वाड्यातली सर्वांत मोठी गोष्ट मात्र आता या वाड्यात नाही. कागद. फडणिसाचं घर, म्हणजे कागद असणारच. बोरूने लिहिलेली मोडी पत्रं, फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, म्हणजे रुमाल. हेच मेणवली दप्तर. इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीस यांनी ते मिळवलं, त्यांच्या संग्रहातून ते साताऱ्याच्या संग्रहालयात राहिलं, आणि १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. उत्तर पेशवाईवर कोणीही लिहायला बसलं की या रुमालांपाशी यावंच लागतं. चौकात उभं राहून रिकाम्या कोनाड्यांकडे पाहताना हे ठाऊक असलं की कोनाडे तेवढे रिकामे वाटत नाहीत.

नाना दिसायचे कसे, तेही आपल्याला माहीत आहे. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला होता, त्याने त्यांना समोर बसवून चित्र काढलं. सडपातळ अंग, लांबट चेहरा, आणि समोरच्याला मोजणारी नजर.

[घाटावरून दिसणारी वळणवाट. मग वाई. बाजार, एसटी स्टँड, रिक्षा.]

आता जरा खाली, वाईला. घाटांचं गाव. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड आळी. सात आळ्या, सात घाट, आणि माघापासून पुढे एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णामाईचा उत्सव. देवीची मूर्ती बसते, कीर्तनं होतात, जेवणावळी उठतात. अफझलखान वाईला असताना शिवरायांच्या यशासाठी नवस बोलला गेला, तेव्हापासूनचा हा उत्सव, अशी आख्यायिका आहे. खान वाईचा सुभेदार होता हे मात्र आख्यायिका नव्हे.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपती. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं. रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचं माहेर. मूर्ती एकाच दगडातली, ऐसपैस मांडी घालून बसलेली, नावाप्रमाणे भरघोस. दर्शन घ्या, पण लगेच परत फिरू नका. देवळाच्या मागे जा.

[देवळाची मागची भिंत. पाण्याची पातळी.]

मागची भिंत सरळ नाही. माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेलेली आहे, होडीच्या नाळेसारखी. पुराचं पाणी येतं, या टोकावर आपटतं, दोन्ही बाजूंना फाटतं आणि निघून जातं. नदीशी भांडायचं नाही, तिला वाट द्यायची. ही अक्कल ज्या कोणा गवंड्याची होती, त्याचं नाव कुठल्याही शिलालेखात मी पाहिलेलं नाही.

कागदांवरून आठवलं. मेणवलीचं दप्तर पुण्याला गेलं खरं, पण वाईला कागदाचं व्यसन जुनंच. १९१६ मध्ये इथे नारायणशास्त्री मराठे यांनी प्राज्ञपाठशाळा काढली. तिथे शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक झाले आणि विश्वकोशाचं काम मुंबई-पुणे सोडून याच गावात बसलं. पहिला खंड १९७६ चा, पुढे होता होता वीस खंड झाले. वर्तमानपत्रं उशिरा पोचणाऱ्या गावात बसून लोक ‘अ’पासून जगाची नोंद करत होते. पर्यटकांच्या यादीत हे ठिकाण नसतं. असायला हवं.

[नदीच्या उलट्या दिशेने. उसाचे फड, हळदीची शेतं, मग धरणाची भिंत.]

मेणवलीच्या पुढे, नदीच्या वरच्या अंगाला, धोम. धौम्य ऋषींवरून नाव पडलं म्हणतात. लोक येतात ते धरण पाहायला. मातीचा लांबलचक बांध, साडेतेरा टीएमसी पाणी, मागे डोंगरांत शिरलेला जलाशय. संध्याकाळी सुंदर दिसतो यात वाद नाही. पण गावातल्या देवळात गेला नाहीत तर धोम पाहिलंच नाही.

देवळासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड आहे. कुंडाच्या मधोमध एक भलंमोठं दगडी कासव, कासवाच्या पाठीवर मंडप आणि मंडपात नंदी. कुंड कोरडं असेल तर हे नुसतं कोरीव काम. पाणी भरलं की कासव पोहू लागतं, आणि नंदी त्याच्या पाठीवर बसून महादेवाकडे निघालेला असतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कुंडात घोटाभर पाणी होतं आणि त्यात एक प्लास्टिकची बाटली. दुसऱ्यांदा पावसाळ्यानंतर गेलो, तेव्हा कळलं कारागिराला काय दाखवायचं होतं. तेव्हा जायचं असेल तर पाऊस सरल्यावर जा.

वेळ उरलाच तर पसरणी घाटाने पाचगणी. हे पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं जन्मगाव. रंगपंचमीच्या सुमारास आलात तर बावधनचं बगाड, म्हणजे जत्रेतला लाकडी गाडा, पाहा, बैल आणि माणसं मिळून ओढतात. बाकी पाचगणीची स्ट्रॉबेरी आणि महाबळेश्वरचे पॉइंट यांची माहिती तुम्हाला माझ्याकडून नको.

[परत मेणवली. उन्हं कलली आहेत.]

२००४ साली ‘स्वदेस’ आला आणि या घाटाला वेगळीच गर्दी सुरू झाली. सिनेमातलं चरणपूर ते हेच. पडद्यावर गाव उत्तर प्रदेशातलं, पाणी मात्र कृष्णेचं. पोरं येतात, पायरीवर उभी राहून फोटो काढतात आणि जातात. तक्रार नाही. या निमित्ताने का होईना, घाट पाहिला जातो.

पण मला घाटावर बसून दुसरीच दोन माणसं आठवतात.

पहिले नाना. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि नानांच्या पायाखालची जमीन सरकली. पुढच्या वर्षी पुण्याहून निघून ते या भागात, वाईला आले. इथेही जिवाची खात्री वाटेना, तेव्हा समोरचे डोंगर ओलांडून कोकणात महाडला उतरले. तिथून सूत्रं हलवून परत कारभारात आले, १७९७ च्या अखेरीस शिंद्यांच्या कैदेत पडले, सुटले, आणि १३ मार्च १८०० ला पुण्यात वारले. आयुष्यभर दुसऱ्याच्या दौलतीचा हिशेब. हे नदीकाठचं घर त्यांच्या वाट्याला कितीसं आलं असेल?

दुसरी जिऊबाई. नानांनी नऊ लग्नं केली, मागे उरलेली ही शेवटची, अजाण वयातली विधवा. नानांची मालमत्ता दुसऱ्या बाजीरावाने जप्त केली. मुलीला आधी शनिवारवाड्यात अडकवून ठेवलं. मग ती लोहगडावर, नानांचा विश्वासू किल्लेदार धोंडोपंत याच्या आसऱ्याला. १८०४ मध्ये इंग्रजांच्या जनरल वेलस्लीने मध्यस्थी केली, ती गडावरून उतरली, सालीना बारा हजारांचा तनखा ठरला आणि ती पनवेलला गेली. एवढं सगळं फिरून मेणवली शेवटी तिच्याकडे आली. तिने दत्तक घेतला, आणि वाडा घराण्यात राहिला.

आज आपण ज्या चौकातून फिरलो तो नानांचा म्हणून ओळखला जातो. पाटी लावायची झाली तर मी तिच्या नावाचीही लावली असती.

[माजघर. खिडकीतून नदीचा तुकडा. खालून घंटेचा एक ठोका.]

कोणीतरी पोराला कडेवर उचलून घंटेपर्यंत पोचवलंय. धुणंवाल्या बायका वर न बघता बादल्या उचलतात. वाड्याची देखभाल करणारे काका दिंडीशी येऊन उभे राहिलेत. चावी हातात आहे, पण आपण चपला घालेपर्यंत थांबतील.