क्वीन्स्टनचा कडा, 1812

(दृश्य: काचेमागचा लाल कोट)

ओटावाच्या कॅनेडियन युद्ध संग्रहालयातला हा कोट. छातीवरचं भोक पाहा. 1812 मध्ये अमेरिकेनं इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅनडावर स्वारी केली. 13 ऑक्टोबरच्या सकाळी नायगारा नदीकाठी क्वीन्स्टनच्या लढाईत इथून गोळी आत शिरली आणि इंग्रजांचा मेजर जनरल आयझॅक ब्रॉक कोसळला. क्वीन्स्टन म्हटलं की कॅनडात आधी ब्रॉकच आठवतो. लढाई मात्र पुढे दुपार टळेपर्यंत चालली, आणि मधले कित्येक तास ती ज्यांनी तोलून धरली त्यांच्या अंगावर असले कोट नव्हते.

(दृश्य: नायगारा नदी, पहाट)

अलीकडे अमेरिकेतलं लूइस्टन, पलीकडे क्वीन्स्टन. मधे पाणी सुमारे 200 मीटर. पण घळईतून नुकतंच सुटलेलं हे पाणी नावेला समोर जाऊच देत नाही, खाली ओढतं. दोन दिवस आधीचा बेत तर वल्ह्यांपायी फसला होता. बहुतेक वल्ही ज्या नावेत होती तीच अंधारात पुढे निघून गेली, आणि फौज रात्रभर पावसात भिजत उभी. 13 तारखेला नावा जेमतेम डझनभर. बहुतेकींत माणसं मावणार तीस. त्यातल्या तीन वाहवत गेल्या. म्हणजे हजारोंची फौज तिसांच्या हप्त्यांनी उतरायची, तीही तोफांच्या माऱ्यात.

(दृश्य: कड्यावरची अरुंद पायवाट)

कड्याच्या निम्म्यावर इंग्रजांची 18 पौंडी तोफ. अमेरिकन कॅप्टन जॉन वूल कोळ्यांच्या या वाटेनं चढला आणि तोफेच्या पाठीमागून उतरला. गोलंदाजांनी तोफेच्या कान्यात, म्हणजे बत्ती देण्याच्या भोकात, मेख मारून ती निकामी केली आणि काढता पाय घेतला. तोफ परत घ्यायला ब्रॉक चढावर निघाला, सगळ्यांच्या पुढे. पुढचं कोटानं सांगितलंच आहे.

(दृश्य: ठासणीची बंदूक भरताना, अगदी जवळून)

इंग्रज शिपायाच्या हातातली ही चकमकीची बंदूक, 'इंडिया पॅटर्न' ब्राऊन बेस. मूळ घडवलेली ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठी, म्हणून हे नाव. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा. चिमूटभर दारू, म्हणजे रंजक, ठिणगी पडते त्या भांड्यात, झाकण बंद. दस्ता जमिनीला टेकवून उरलेली दारू नळीत, मागोमाग गोळी आणि कागद. गजानं ठासायचं, घोडा चढवायचा, चाप ओढायचा. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढतो. बिघडतं ते असं: रंजक भिजलं की ठिणगी वाया. काना काजळीनं बुजला की भांड्यात नुसता भपका होतो, बार उडतच नाही. गारगोटी वीस-तीस बारांत बोथटते. गडबडीत गज नळीतच राहिला तर तो गोळीबरोबर गेलाच म्हणा! आणि शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरण्यात अर्थ नाही. म्हणूनच रांग करून एकदम बार काढायचा.

(दृश्य: रान, झाडांमधून सरकणारा कॅमेरा)

आता समोर रांगच नसेल तर? इंग्रजांच्या बाजूनं लढणारा जॉन नॉर्टन, बाप चेरोकी या मूलनिवासी जमातीचा, आई स्कॉटिश, मोहॉक या दुसऱ्या मूलनिवासी जमातीनं आपलासा केलेला. सोबत अठरा वर्षांचा जॉन ब्रँट आणि ग्रँड रिव्हर नदीकाठचे साधारण 80 मूलनिवासी लढवय्ये. पश्चिमेकडच्या रानातून ते वर आले. झाडाआडून बार काढायचा, भरेपर्यंत दुसऱ्या झाडाआड. अमेरिकन रांगेनं झाडलेल्या फैरी खोडांत रुतत होत्या. संख्येनं कितीतरी जास्त असून ते जागचे हलू शकले नाहीत. या लढवय्यांची रणगर्जना नदीपार लूइस्टनला ऐकू गेली. तिथल्या मिलिशियानं, म्हणजे नागरिकांतून उभ्या केलेल्या फौजेनं, देशाबाहेर लढण्याची सक्ती आमच्यावर नाही, असं सांगत नावेत पाय ठेवायला नकार दिला.

(दृश्य: पठार, दुपारचं ऊन)

तेवढ्या वेळात इंग्रजांचा जनरल शीफ लांबचा वळसा घालून ताज्या दमाची फौज घेऊन पठारावर आला. त्यात कॅप्टन रन्चीची कृष्णवर्णीय सैनिकांची तुकडीही होती. एक फैर, मग संगिनी. नऊशेहून जास्त अमेरिकन कैद झाले. काही जण कड्यावरून खाली पडून मेले.

(दृश्य: स्तंभ, मग खाली येत कांस्यपुतळे)

ब्रॉकचा स्तंभ 56 मीटर उंच. पायथ्याशी नॉर्टन आणि ब्रँट. हे पुतळे बसले 2016 मध्ये.