नखं दाखवा, साहेब

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेचं वर्ष कसं जातं हे तुम्हाला मी नव्याने काय सांगणार? वर्गातल्या सतरंजीवर मांडी घालून तुम्हीही कधीतरी बसलेलाच आहात. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. वर्गाचं वर्ष पुढे ढकलतात ती कामं. पाणी कोण भरणार, फळा कोण पुसणार, सतरंजी कोण झटकणार, ही कामं. ती मुलांकडे सोपवायची असतील तर काम खरं द्यावं आणि त्याबरोबरचा अधिकारही खरा द्यावा. काम खरं, अधिकारही खरा. एवढं लक्षात असू द्या, कारण बोलता बोलता मी भरकटणार आहे, माझं मला माहीत आहे.

माझी बरीचशी नोकरी तालुक्याच्या गावाच्या कडेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. पहिली ते चौथी, वर्ग चार आणि शिक्षक दोन. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असं प्रमाण आहे. म्हणजे पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. इकडे बाराखडी चाललेली, तिकडे पाढे. पोरांनी कामं उचलली नाहीत, तर अशी शाळा मधल्या सुट्टीपर्यंतसुद्धा तग धरत नाही.

वर्ष उघडतं जूनच्या मध्यावर. विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा, जूनच्या अखेरीला. पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव. दाराला तोरण, पहिलीच्या पोरांच्या हातात फूल आणि मोफत पाठ्यपुस्तकं. मध्ये २०२३ पासून त्या पुस्तकांतच कोरी पानं शिवून दिली होती, वहीचं ओझं कमी व्हावं म्हणून. पोरं वह्या आणतच राहिली आणि दप्तर होतं तेवढंच राहिलं, मग ती पानं पुन्हा काढली. ओझ्यावर माझं आपलं एक म्हणणं आहे: ओझं पुस्तकाचं कमी असतं, पाण्याच्या दोन लिटरच्या बाटलीचं जास्त. शाळेत प्यायला चांगलं पाणी ठेवा, दप्तर आपोआप हलकं होतं. आणि एप्रिलच्या उन्हात सहा वर्षांच्या लेकराच्या गळ्यात टाय बांधणाऱ्या शाळांबद्दल तर मी बोलतच नाही. असो.

जुलैत पाऊस स्थिरावला, खिडकीखाली छत्र्यांची ओल सुकेनाशी झाली, की शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक लागायची. मुख्यमंत्री, पाणीमंत्री, स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री. चिठ्ठ्या टाकायच्या, फळ्यावर रेघा ओढून मोजायच्या. बहुतेक ठिकाणी मंत्र्यांचे बिल्ले लागतात, फोटो निघतो आणि मंत्रिमंडळ तिथेच संपतं. आमच्याकडे नाही संपलं, त्याचं कारण एका वर्षीची आमची आरोग्यमंत्री.

चौथीतली पोरगी. काडीसारखी. वाचायला उभी केली तर आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचायचा नाही. आरोग्यखातं कुणालाच नको होतं म्हणून तिच्या गळ्यात पडलं. मी तिला वही दिली, त्यात रकाने आखून दिले: नाव, नखं, केस, रुमाल, शेरा. दर सोमवारी परिपाठाला सगळ्यांची नखं बघायची. तिने वही हातात घेतली आणि विचारलं,

"बाई, सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"तुमची पण?"

म्हटलं, "माझी पण."

पहिल्याच सोमवारी मला शेरा मिळाला, 'नखात खडू'.

आमचा नेलकटर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला असे. मोकळा ठेवला की तो कुणाच्या तरी दप्तरातून घरी जायचा. सुतळी इतकी आखूड, की नखं कापणाऱ्याला खिडकीपाशी वाकूनच उभं राहावं लागे. खाली कागदाचा तुकडा धरायचा, नख जमिनीवर पडू द्यायचं नाही, हा बाईसाहेबांनी स्वतः काढलेला नियम. माझा नव्हे.

तर एका सोमवारी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे साहेब, आले, न कळवता. मोटारसायकल लावली, हजेरीपट मागितला, पट किती, हजर किती, फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा आणि वर्गातली डोकी ताडून पाहिली. सगळं जुळलं. तोवर खिचडी झाली होती. तुम्हाला माहीतच असेल, पोषण आहार मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घ्यायची आणि चव रजिस्टरला सही करायची. साहेब म्हणाले, "आज मीच घेतो." वाटी हातात घेतली. तेवढ्यात आमची आरोग्यमंत्री वही छातीशी धरून पुढ्यात उभी.

"साहेब, हात दाखवा."

आमच्या गुरुजींच्या कपाळाला घाम. साहेब मात्र खुशीत होते. उजवा तळवा पुढे केला नि म्हणाले, "काय गं, भविष्य सांगतेस काय?"

"उलटा करा."

उलटा केला. नखं स्वच्छ.

"आता तो."

डावा हात वाटीखाली होता. त्या हाताच्या करंगळीचं नख चांगलं बोटाच्या पेराएवढं वाढवलेलं. निमुळतं, घासून चकचकीत केलेलं. एका पिढीच्या पुरुषांना ही भारी हौस होती, तुमच्याही घरात एखादे काका असतील.

साहेब म्हणाले, "तेवढं एक राहू दे. हौस आहे आमची."

पोरीने वहीत पाहिलं. एकेका रकान्यावर बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाली, "हौसेचा रकाना नाही, साहेब."

आता साहेबही इरेला पेटले. "अगं, पण मी जेवतो उजव्या हाताने. हे तर डाव्या हाताचं."

तिने जरा विचार केला. मग म्हणाली, "वाटी कुठल्या हातात आहे?"

व्हरांड्यात ताटं घेऊन बसलेली सगळी शाळा चिडीचूप. साहेबांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मध्ये पडले नाही. मध्ये पडायचं नसतं, तोच तर मुद्दा आहे. त्या क्षणी मी "जाऊ दे गं" म्हटलं असतं, तर त्या वहीचा कागद झाला असता. तिने शेऱ्यात लिहिलं, 'साहेब. नख १', आणि सरळ खिडकीपाशी जाऊन कागदाचा तुकडा धरून उभी राहिली.

साहेब उठले. उंचापुरा, भारदस्त माणूस. सुतळी आखूड. कमरेत वाकले, मान तिरकी केली, नेलकटर जमेना म्हणून चष्मा कपाळावर चढवला. टक्. आणखी एकदा टक्. मागे वळून बघतात तर पहिलीची चार पोरं त्यांच्यामागे रांगेत उभी, आपलाही नंबर आहे असं समजून. पोरीने कागदाची पुडी केली, कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि म्हणाली, "आता हात धुवा."

मग साहेबांनी खिचडी खाल्ली, दोनदा घेतली. जाताना शेरेबुक मागवलं आणि त्यात लिहिलं: 'पटपडताळणी केली. आहाराची चव घेतली. आरोग्यमंत्र्यांच्या सूचनेचे पालन केले.' खाली सही, तारीख.

बातमी गावभर झाली. १५ ऑगस्टला झेंड्याला आलेली प्रतिष्ठित मंडळी मुठी मिटून उभी होती. पालकांच्या सभेत एक आजोबा आधीच म्हणाले, "मी कापून आलोय, बाई." आणि ती पोरगी धडा वाचताना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायला लागली. तिला मी वाचनाचं वेगळं काही शिकवलं नव्हतं.

बघा, माझा अर्धा वेळ नखातच गेला. आहारावर बरंच सांगायचं होतं, थोडक्यात सांगते. ही योजना १९९५ साली सुरू झाली तेव्हा मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजवून द्या म्हटलं, त्यानंतर शाळेत चूल आली. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. तांदूळ घरी गेला असता तर त्या मुलीला वाटीचा प्रश्न विचारायला मिळाला नसता, एवढंच म्हणते.

दिवाळीनंतर वर्ग विरळ होतो. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बिऱ्हाड घेऊन निघतात. फळ्यावर पट तोच, हजर कमी. काही ठिकाणी हंगामी वसतिगृहं चालतात, काही पोरं आजीपाशी राहतात, बाकीची गाडीत बसतात. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. पण कोयत्यामागे जाणाऱ्या बापाला दंड करून काय उपयोग? त्या मोसमात आमचा पाणीमंत्री गेला होता. त्याचं खातं दुसऱ्याला दिलं नाही. उपमंत्री नेमला. मार्चमध्ये तो परत आला आणि पहिल्याच दिवशी हंड्याचं झाकण का उघडं म्हणून उपमंत्र्याला फैलावर घेतलं.

जानेवारीत ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, मग २६ जानेवारीची कवायत, मग स्नेहसंमेलन. स्नेहसंमेलनातल्या भोंग्यांचा आवाज निम्मा केला तर पोरांचे संवाद ऐकू येतील, हे मी दरवर्षी सांगत आले आणि दरवर्षी कुणी ऐकलं नाही. भोंग्यामुळेच असेल. मार्चपासून सकाळची शाळा, एप्रिलमध्ये परीक्षा, १ मेला झेंडावंदन आणि निकाल.

आमची आरोग्यमंत्री पाचवीला दुसऱ्या शाळेत गेली. जुलैत पुन्हा निवडणूक. आता आरोग्यखात्याला भाव आला होता, पाच जण उभे. त्यातल्या एका तिसरीतल्या पठ्ठ्याने वर्गावर्गात जाऊन भाषण केलं, "मला निवडून द्या, मी कुणाचीच नखं बघणार नाही!" टाळ्याच टाळ्या. फळ्यावर त्याच्या नावापुढे रेघा मावेनात.

पहिल्या सोमवारी परिपाठाला बघते तर हा वही घेऊन दारात उभा. "हात पुढे करा, उलटे करा." पोरं ओरडायला लागली. मी विचारलं, "अरे, तू तर बघणार नाही म्हणाला होतास?"

वहीतून मान वर न काढता म्हणाला, "ते निवडणुकीपुरतं होतं, बाई. तुमचा हात?"

नमस्कार.