माळ्यावरची खुडबुड

[रात्र. कोल्हापूर, शुक्रवार पेठेतलं जुनं कौलारू घर. दिवा मालवल्याचा आवाज.]

दिवे गेले की पंधरावीस मिनिटं शांतता असते. मग माळ्यावर खरवडल्याचा आवाज येतो, पाठोपाठ फळ्यांवरून तुरुतुरु धाव. घरचे म्हणतात, ‘उंदीरमामा आले.’ पण आले कुठून, हे बघायला शिडी कुणी लावत नाही. सापळ्याच्या आधी शिडीच लागते.

[टॉर्चचा झोत तुळईवर. कॅमेरा जवळ.]

तुळई भिंतीत शिरते तिथे हा काळपट, तेलकट पट्टा बघा. रोज एकाच वाटेनं अंग घासून गेल्याचा हा डाग. खाली लेंड्या आहेत. तांदळाच्या कण्यांएवढ्या, टोकदार असतील तर घरातला लहान उंदीर. चवळीच्या दाण्याएवढ्या किंवा मोठ्या असतील तर मोठा उंदीर. जोत्याशेजारी उकरलेल्या मातीचा ढीग दिसला तर ती घूस, तिचा बंदोबस्त वेगळा. आणि चिंचुंद्री? ती उंदीर नव्हेच, किडे-झुरळं खाते. तिला जाऊ द्या.

वाट नक्की करायची तर भिंतीकडेनं रांगोळीची पूड पातळ भुरभुरायची. सकाळी पावलं उमटलेली असतात. भोकात कागदाचा बोळा सारून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी बाहेर पडलेला असला, तर भोक वापरात आहे.

[हातात शिसपेन्सिल. दाराखालच्या फटीत ती सरकते.]

पेन्सिल जिथून जाते, तिथून लहान उंदीर जातो. साधारण 6 मिलिमीटर. डोकं गेलं की मागचं अंग येतंच. म्हणून अर्ध्या इंचाची कोंबडीची जाळी मोरीला लावून उपयोग नाही; पाव इंचाची गॅल्व्हनाइज्ड जाळी लागते. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकायची. फटीत फोम मारणारे मारतात, उंदीर तो एका रात्रीत कुरतडतो.

आता मुख्य घोटाळा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथल्या कित्येक जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, भेंड्यांच्या म्हणजे न भाजलेल्या कच्च्या विटांच्या. भोक दिसलं की लोक सिमेंट थापतात. माती पावसाळ्यात ओल धरून फुगते, उन्हाळ्यात आकसते. सिमेंट जागचं हलत नाही. दोन्हींत फट पडते आणि एखाद्या पावसाळ्यात तो गोळा खुळखुळा होतो. उंदराला सिमेंट कुरतडावं लागतच नाही, तो शेजारची माती उकरतो.

[गवंड्याचे हात. थापी, घमेलं, भिजवलेला चुना.]

त्यापेक्षा असं करावं. भोकातली सैल माती चार इंच आतपर्यंत खरवडून काढायची. पाणी शिंपडायचं. स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी घट्ट कोंबायची. साधी लोखंडी गंजून भुगा होते. वर विटांचे तुकडे आणि चुना-वाळूचा गिलावा, एकाला तीन. ओलं गोणपाट लावून चारपाच दिवस भिजवत ठेवायचं. तोवर वरून पत्र्याचा तुकडा खिळ्यांनी ठोकायचा, कारण ओला चुना पहिल्याच रात्री उकरला जातो. विटा-सिमेंटच्या भिंतीला मात्र सिमेंटच बरं.

बाहेरची भोकं आधी बुजवायची, त्याच दिवशी आत सापळे लावायचे. उलट केलं तर आतले पकडेपर्यंत बाहेरून नवे येत राहतात.

[खटक्याचा सापळा. शेंगदाणा दोऱ्यानं बांधताना.]

लाकडी पट्टीवरचा खटका. आमिषाचं टोक भिंतीला चिकटून, सापळा भिंतीला काटकोनात. उंदीर मोकळ्या जागेतून सहसा जात नाही, कडेकडेनंच पळतो. दर दोन मीटरला एक. पाचसहा सापळे एकदमच लावावेत. एकच सापळा रोज जागा बदलत फिरवण्यात महिना जातो. आमिष शेंगदाण्याएवढंच, आणि दोऱ्यानं बांधलेलं. भज्याचा मोठा तुकडा ठेवला की तो कडेनं कुरतडून निघून जातो. सुक्या बोंबलाचा तुकडाही चालतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी चारपाच रात्री खटका न ताणता नुसतं खाणं ठेवायचं, मग ताणायचं. पिंजऱ्यात सापडलेला पुढच्या बोळात सोडणं म्हणजे शेजाऱ्याला आहेर.

शेजाऱ्यावरून आठवलं. वाटण्या झालेल्या वाड्यांत मधली भिंत तुळईपर्यंतच चढवलेली असते. वर माळा सलग. भावकीची वाटणी उंदरांनी मान्य केलेली नाही. तिथे वाड्यातल्या सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात सापळे लावायचे आणि भिंत कौलांपर्यंत बंद करायची. मादी तीन आठवड्यांत पाचसहा पिल्लं देते, म्हणून एका घरानं केलेलं काम टिकत नाही.

विष? माळा असलेल्या घरात नको. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर तीनचार दिवसांनी मरतो, तोही फळ्यांमागे, हात पोचणार नाही तिथे. वासानं खोली सोडावी लागते. तो मांजरानं किंवा घुबडानं खाल्ला तर त्यांनाही बाधा. पिवळ्या फॉस्फरसचा लगदा तर घरात आणूच नये. माणसाच्या पोटात गेला तर यकृत जातं आणि त्याला उतारा नाही.

लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, शिंपडून दहा मिनिटं थांबायचं, हातमोजे घालून पुसायचं. मुताची ओल लागू द्यायची नाही, लेप्टोच्या तापाची भीती असते.

ज्वारी, शेंगा, गुळाची ढेप घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पोतं उघडं ठेवून सापळ्यातला शेंगदाणा कोण खाणार?

[सकाळ. वळचणीला शिडी, कौलं चाळणारे हात.]

सात रात्री रांगोळी कोरी राहिली की आतले सापळे उचलावेत, माळ्यावरचे दोन तेवढे दसऱ्यापर्यंत ठेवावेत. मृगाआधी कौलं चाळायला माणूस येईल, तेव्हा वळचणीत वाशांमधली मोकळी भोकं त्यालाच दाखवायची आणि जाळी हातात द्यायची.