काय करायचं सोडलंत?

नमस्कार श्रोतेहो. "दम लागतो का?" असं डॉक्टरांनी विचारलं की बरेच जण "नाही" म्हणतात. ते खोटं बोलत नसतात. ज्यानं दम लागेल ते काम त्यांनी केव्हाच सोडलेलं असतं. म्हणून दम किती लागतो एवढंच सांगू नका, काय करायचं सोडलंत ते सांगा.

गोदामात माल चढवणारे एक गृहस्थ तपासणीला आले होते. काम झेपेल की नाही, हे ठरवायचं होतं. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन ९६ टक्के, म्हणजे ठीक. दम? "छे, काही नाही." सोबत त्यांच्याच पाळीतला जोडीदार होता. तो हळूच म्हणाला, "डॉक्टर, हे जिन्यात मध्येच थांबून रोज नोटीस वाचतात. नोटीस गेल्या वर्षीची आहे." गृहस्थ खाली बघू लागले. मग एकेक निघत गेलं. पूर्वी दोन खोकी एकदम उचलायचे, आता एकच. वरच्या फळीचं काम जोडीदार उरकतो. आंघोळीनंतर अंग पुसायलाही बसावं लागतं. मी त्यांना सहा मिनिटं चालायला लावलं. चौथ्या मिनिटाला भिंतीला हात टेकून उभे राहिले, ऑक्सिजन ८६. म्हणाले, "बोललो असतो तर कामावरून काढलं असतं." त्यांना पुढे बसून करायचं नोंदींचं काम मिळालं, याचा मला आजही आनंद आहे.

आणि हो, प्रत्येक जिन्याच्या मधल्या टप्प्यावर एक बाक हवाच. इमारती बांधणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

दम मोजायची पट्टी सोपी आहे. ब्रिटनमध्ये खाणकामगारांना तपासताना डॉक्टर चार्ल्स फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी ती घडवली. तिच्यात एवढंच विचारतात: चढावर दम लागतो, की सपाटीवर बरोबरीच्यांच्या मागे पडता, की शंभर मीटरवर थांबता, की कपडे बदलतानाच धाप लागते? फुफ्फुसांच्या फुंकून करायच्या चाचणीचा आकडा हवाच, पण तो एकटा पुरत नाही. दम हृदयामुळे, रक्त कमी असल्यामुळेही लागतो. शिवाय पूर्ण पाळीभर माणूस आपल्या कमाल क्षमतेच्या साधारण ४० टक्केच श्रम नीट पेलतो. एकदा जिना चढून दाखवला म्हणजे आठ तास जमेल, असं नाही.

तेव्हा तपासणीला जाताना रोजचं काम बघणारं कुणीतरी सोबत न्या. काय उचलता, किती चढता, कुठे थांबता, आणि काय करायचं सोडलंत, ते सांगा. बसल्या जागी अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा ओठ निळे पडले, तर मात्र तपासणीची तारीख बघत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.