यष्टींमागचा दादरकर

[दादर पारशी कॉलनी, सकाळ]

आडनाव इंजिनियर, वडील डॉक्टर. १९३८ साली जन्मलेल्या, पुढे भारताचा यष्टिरक्षक झालेल्या फारुखची शाळा माटुंग्याचं डॉन बॉस्को, कॉलेज पोदार. म्हणजे सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. क्रिकेटही इथलंच, दादर पारशी कॉलनीच्या क्लबातलं.

[मैदान. सराव करणाऱ्या यष्टिरक्षकाचे ग्लोव्हज, अगदी जवळून]

हे हात पाहा. दिवसाची नव्वद षटकं म्हणजे पाचशे चाळीस उठाबशा. शिक्षा म्हणूनसुद्धा कोणी एवढ्या काढायला लावत नाही. फिरकी असेल तर यष्टींना खेटून उभं राहायचं. लवकर उठलात तर खाली राहिलेला चेंडू ग्लोव्हजखालून निघून जातो, म्हणून उठायचं ते चेंडूच्या उसळीबरोबर. झडप घालायची नाही. चेंडू हातात येऊ द्यायचा आणि येताना हात जरासे मागे घ्यायचे. त्यात लेगला, म्हणजे फलंदाजाच्या पायांच्या बाजूला, जाणारा चेंडू फलंदाजाच्या अंगाआड जातो, क्षणभर दिसतच नाही.

आता गोलंदाज भारताचा फिरकीपटू चंद्रशेखर आहे असं समजा. पोलिओने बारीक झालेला उजवा हात, आणि त्यातून सुटणारी गुगली, म्हणजे उलट दिशेला वळणारा फसवा चेंडू, जवळजवळ मध्यमगती गोलंदाजाच्या वेगाची. डोक्याला हेल्मेट नाही.

[ओव्हल, ऑगस्ट १९७१. कृष्णधवल चित्रफीत]

चंद्राचे ३८ धावांत ६ बळी, इंग्लंड सर्वबाद १०१. ही चित्रं पाहताना सगळे चंद्राकडे बघतात. आम्ही मात्र चित्रफीत थांबवून थांबवून यष्टींमागे बसलेल्या माणसाकडे बघत राहिलो. त्याच सामन्यात इंजिनियर यांच्या पहिल्या डावात ५९ धावा, पाठलागात नाबाद २८. विजयी चौकार आबिद अलीचा. इंग्लंडमधला भारताचा पहिला कसोटी विजय, आणि मालिकाही.

[मद्रास, जानेवारी १९६७. छायाचित्रं]

वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेतल्या आधीच्या दोन कसोट्यांत यष्टींमागे बुधी कुंदरन होते. इथे इंजिनियर यांना संधी मिळाली, तीही सलामीला. समोर हॉल, ग्रिफिथ, सोबर्स, गिब्स. पहिल्या दिवशी उपाहाराला इंजिनियर नाबाद ९४. जेवणाची वेळ जराशी पुढे ढकलली असती तर काय बिघडलं असतं, असं आजही वाटतं! शतक नंतर झालंच, बाद झाले १०९ वर.

[जुनी जाहिरात]

आणि हे त्यांचे केस. ब्रिलक्रीमच्या जाहिरातीतले.

[लँकेशायरच्या संघाची छायाचित्रं]

१९६८ ते १९७६ इंग्लंडमधला लँकेशायर हा कौंटी संघ, आणि तिथल्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेचे चार जिलेट कप. दरम्यान १९७५ मध्ये, वानखेडेवरच्या पहिल्यावहिल्या कसोटीत, त्यांची कसोटी कारकीर्द संपली. ४६ कसोट्या, २,६११ धावा, ६६ झेल, १६ यष्टिचीत.

[ओल्ड ट्रॅफर्ड, जुलै २०२५]

भारत-इंग्लंड कसोटीच्या दिवसांत लँकेशायरच्या या मैदानातल्या एका स्टँडला दोन नावं देण्यात आली. वेस्ट इंडिजचे क्लाइव्ह लॉइड आणि फारुख इंजिनियर. मुलगा दादरचा, पाटी मँचेस्टरला.

[पाटीवर कॅमेरा स्थिर. निवेदन नाही, फक्त मैदानाचा आवाज]