शेवटून पहिला

श्रोतेहो, नमस्कार.

सायकल शर्यतीची स्वतःची एक बोली आहे आणि ती घडली फ्रान्स, इटली, बेल्जियमच्या रस्त्यांवर. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणारा 'घाटाचा राजा'. टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या फ्रेंच शर्यतीत असाच मान मिळवणाऱ्याच्या अंगावर १९७५ पासून लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी असते. ठिपके छान आहेत, पण रुबाब आपल्या नावात जास्त!

शर्यतीतला मोठा घोळका म्हणजे पेलोटोन. पुढचा वारा कापतो, मागच्यांना त्याच्या आडोशाने तोच वेग कमी कष्टात राखता येतो. स्वतः कधीच पुढे न येणाऱ्याला फ्रेंच मंडळी 'चाक चोखणारा' म्हणतात. हा प्राणी सोसायटीच्या कमिटीतही आढळतो, पण तो विषय वेगळा. आपल्या संघाच्या नायकासाठी पाण्याच्या बाटल्या वाहणारा, वेळप्रसंगी स्वतःचं चाक काढून देणारा तो दोमेस्तिक, म्हणजे घरगडी. आणि पोटात काही नसल्याने पाय एकदम गळपटले, की 'हातोडेवाला भेटला'. आपल्याकडे लाखाची सायकल मोटारीच्या टपावर बांधून घाटाच्या पायथ्याशी नेणाऱ्यांना तो भेटायचा नाही.

मला खरं सांगायचंय ते 'लांतेर्न रूज'बद्दल. लाल कंदील. आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या मागे लाल दिवा असतो ना, तोच. टूरच्या एकूण क्रमवारीत सगळ्यांत शेवटी येणारा तो लाल कंदील. आता यासाठी कोण धडपडेल? धडपडतात! टूर संपली की गावोगावी छोट्या शर्यती भरत आणि नावाजलेल्यांना मानधन देऊन बोलावलं जाई. विजेत्याला आमंत्रण आणि लाल कंदिलालाही. शेवटून दुसऱ्याला कोण विचारतो?

साल १९७९. फ्रान्सचा फिलिप तेस्निएर आदल्या वर्षीचा लाल कंदील. त्याच्यासमोर ऑस्ट्रियाचा गेरहार्ड शोनबाखर. दोघांनाही शेवटचाच नंबर हवा. मागे राहायचं, पण फार मागे नाही. कारण प्रत्येक टप्प्याला वेळमर्यादा असते. टप्पा जिंकणाऱ्याला जेवढा वेळ लागला, त्यावर ठरावीक टक्के सवलत. तेवढ्यात पोचला नाहीत तर थेट घरी. लक्षात घ्या, मर्यादा ठरते ती जिंकणाऱ्याच्या वेळेवर.

शर्यत संपत आलेली. दिजाँ शहरात सुमारे ४९ किलोमीटरची टाइम ट्रायल, एकेकट्याने घड्याळाशी झुंजायची. हिच्यात क्रमवारीतले तळाचे आधी सुटतात आणि पिवळ्या जर्सीवाला, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिला असलेला, अगदी शेवटी. म्हणजे आपल्या दोघा वीरांना जिंकणाऱ्याची वेळ कळायची सोयच नाही. नुसता अंदाज! मनाशी हिशेब मांडत दोघेही बेताबेताने पायडल मारतायत. चढ आला, सावकाश. उतार आला, तरी सावकाश. बाकीचे जीव तोडून पळतायत आणि हे दोघे जीव तोडून रेंगाळतायत.

आणि मग पिवळी जर्सी घालून बर्नार इनो सुटला. त्या गड्याला सावकाश हा शब्दच ठाऊक नव्हता. टप्पा त्यानेच मारला, तोही अशा वेगाने, की मर्यादा खाली आली. तेस्निएरचा हिशेब चुकला. तो बाद! शोनबाखर जेमतेम आत राहिला आणि पॅरिसला लाल कंदील होऊन पोचला.

आयोजकांचं डोकं फिरलं. शेवटच्याचं एवढं कौतुक त्यांना कसं खपणार? पुढच्या वर्षी त्यांनी नियमच केला. ठरावीक टप्प्यांनंतर, रोज, क्रमवारीत जो तळाला असेल त्याला घरी पाठवायचं. रोज एक गडी बाद. आता शेवटचा राहून दाखव म्हणावं!

शोनबाखर त्या चाळणीतूनही निसटला. १९८० ची टूर पॅरिसला संपली, तेव्हा यादीत सगळ्यांत खाली पुन्हा त्याचंच नाव होतं.